लोखंडी नांगराचें गिऱ्हाईक

इ. स. १९०३ सालची गोष्ट. बेळगांवांतील एका लहानशा कारखान्यांत लोखंडी नांगर तयार होऊन उभे होते. माल तयार होता, करणाऱ्यांची उमेद दांडगी होती. उणीव एवढीच कीं, गिऱ्हाईक नव्हतें. लोखंड लागलें कीं जमीन विषारी होते, अशी त्या वेळच्या शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं. वस्तु निर्माण करणें आणि ती खपविणें या दोन अगदीं निराळ्या विद्या आहेत, हा धडा त्या दोन वर्षांनीं कारखान्याच्या चालकांना दिला.

हे चालक म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकला शिकण्यासाठीं ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले; परंतु कांहीं रंगांमधील भेद आपल्या डोळ्यांना ओळखूं येत नाहीं असें आढळून आल्यामुळें ती वाट सोडून ते यंत्रांच्या आलेखनाकडे वळले आणि पुढें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकवूं लागले. मुंबईंत असतांनाच १८८८ सालीं त्यांनीं आपले बंधु रामुअण्णा यांच्या साहाय्यानें बेळगांवांत सायकलींचा व्यापार सुरू केला. लक्ष्मणरावांनीं मुंबईहून सायकली पाठवाव्या आणि रामुअण्णांनीं त्या विकून शिवाय घेणाऱ्याला चालविण्यासही शिकवावें, असा क्रम होता. गिऱ्हाइकाच्या हातीं वस्तु देऊन मोकळें न होतां, ती त्याला वापरतां येईपर्यंत त्याच्यामागें धांवावयाचें, ही रीत या दुकानांतच पडली. पुढें नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगांवास आले. प्रथम कडबा कापण्याचें यंत्र व त्यानंतर लोखंडी नांगर, असा त्यांच्या उद्योगाचा क्रम होता.

त्यांच्यापुढें उभे असलेले प्रतिस्पर्धी लहानसहान नव्हते. इंग्लंडांतील इप्स्विच येथें रॅन्सम यांचा कारखाना १७८९ पासून चालूं होता. ओतलेल्या फाळाची खालची बाजू थंड लोखंडी सांच्यावर एकदम निववून तिला अधिक काठिण्य आणण्याची युक्ति रॉबर्ट रॅन्सम यानें १८०३ सालीं आपल्या नांवें नोंदविली होती. असा फाळ वरून लौकर झिजतो, खालून टिकतो, आणि त्यामुळें त्याची धार आपोआप राहते. बेळगांवचा पहिला नांगर तयार झाला तेव्हां या युक्तीला शंभर वर्षें पूर्ण झालीं होतीं. भांडवल, अनुभव व नांवलौकिक यांपैकीं कोणत्याच बाबतींत बेळगांवच्या कारखान्याची या घराण्याशीं बरोबरी नव्हती.

परंतु याहून जुना व बळकट प्रतिस्पर्धी गांवोगांव बसलेला होता. तो म्हणजे गांवचा सुतार. लांकडी नांगर त्यानें करावा, मोडला तर त्यानेंच सांधावा, आणि मोबदला म्हणून सुगीच्या वेळीं खळ्यावरून बलुतें न्यावें, ही पिढ्यानपिढ्यांची व्यवस्था होती. तींत रोकड पैशाचें काम नव्हतें, व नांगर मोडला तर काय करावें ही विवंचनाही नव्हती. लोखंडी नांगर घेणाऱ्यानें मात्र रोख पैसे मोजावयाचे, आणि फाळ झिजला तर नवा आणावयाचा कोठून, याची चिंताही वाहावयाची. लोखंडानें जमीन विषारी होते ही समजूत खोटी होती. पण तिच्या आड दडलेली शेतकऱ्याची भीति खोटी नव्हती. एक हंगाम फसला तर त्याचें वर्ष बुडत असे. ज्याच्या घरीं वर्षाचें धान्य याच एका मातीवर अवलंबून आहे, तो नव्या वस्तूकडे संशयानें पाहणारच. त्याला अडाणी म्हणून सोडून देणें सोपें होतें. त्याच्या भीतीचें उत्तर शोधणें कठीण होतें.

हें उत्तर शब्दांनीं देतां येण्यासारखें नव्हतें. तें शेतांतच द्यावें लागे. लांकडी नांगर जमीन फाडतो, पण उलटवीत नाहीं. लोखंडी नांगराचा वक्र पत्रा मातीचा थर कापून पालथा घालतो. त्यामुळें खोल गेलेल्या हरळीच्या काशा वर येऊन उन्हानें वाळतात. कृष्णाकांठच्या काळ्या जमिनींत हरळी आणि कुंदा यांनीं शेतकरी किती पिडलेला असे, हें ज्याला ठाऊक आहे त्याला या एका गुणाचें मोल समजेल. शेजाऱ्याच्या रानांतील हरळी गेलेली आणि पीक उभें राहिलेलें पाहिलें, म्हणजे विषाची गोष्ट आपोआप मागें पडे. शिवाय परदेशी नांगराचा सुटा भाग समुद्र ओलांडून यावयाचा, तर या नांगराचा भाग जवळच्याच कारखान्यांत ओतला जावयाचा. मोठ्या कंपनीजवळ कीर्ति होती. लहान कारखान्याजवळ सान्निध्य होतें.

धंदा कोठें स्थिरावतो तोंच १९१० सालीं बेळगांवची जागा सोडण्याचा प्रसंग आला. नगरपालिकेला तेथें नवी वस्ती वसवावयाची होती. अशा वेळीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन देऊं केली, व दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जमीन म्हणजे निवडुंगानें भरलेला, सापांचा सुळसुळाट असलेला माळ होता. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि पुढें स्टेशनलाही तेंच नांव मिळालें.

चार वर्षांनीं, १९१४ सालीं, युरोपांत महायुद्ध पेटलें. परदेशी नांगर येणें दुर्घट झालें, पण त्याबरोबर लोखंड आणि दगडी कोळसाही दुर्मिळ झाला. लांकडी कोळशावर भट्टी चालविण्याची वेळ आली. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं आपल्या संस्थानांतील जुन्या तोफा ओतकामासाठीं दिल्या. एके काळीं गडांचें रक्षण केलेल्या लोखंडानें आतां शेतें नांगरलीं जाऊं लागलीं.

युद्धामुळें बाजार मोकळा झाला होता हें खरें. पण ही संधि उसनी होती. १९१८ सालीं युद्ध थांबलें, आणि परदेशी जहाजांना समुद्र पुन्हां मोकळा झाला. अडचणीच्या काळीं मिळालेलें गिऱ्हाईक निवडीच्या काळीं टिकेल काय, हा खरा कसोटीचा प्रश्न होता.

त्याचें एक उत्तर १९२० सालीं निघालें. त्या वर्षीं 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही मर्यादित कंपनी झाली, आणि त्याच वर्षीं 'किर्लोस्कर खबर' हें मासिक सुरू झालें. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हे त्याचे संपादक. ते शिकलेले चित्रकार होते व जाहिरातीचें काम पाहात असत. मालाची यादी गिऱ्हाईक एकदां चाळतो आणि टाकून देतो. मासिकाची तो पुढील महिन्यांत वाट पाहतो, हें मर्म या उपक्रमांत होतें. यंत्रांच्या माहितीबरोबर उद्योग, आरोग्य, कथा, व्यंगचित्रें असा मजकूर त्यांत येऊं लागला. नांगर धरणारा पुष्कळदां निरक्षर असे. पण त्याच्या घरीं शाळेंत जाणारा मुलगा असे, गांवांत मास्तर असे, पोस्टमास्तर असे. पुढें या मासिकानें 'खबर' हा शब्द गाळून नुसतें 'किर्लोस्कर' हें नांव धारण केलें, १९३० सालीं 'स्त्री' व १९३४ सालीं 'मनोहर' हीं भावंडें त्याला मिळालीं, आणि जाहिरातीच्या बीजांतून महाराष्ट्राचें वाङ्मयीन जीवन समृद्ध करणारा वृक्ष वाढला. किर्लोस्करांचा नांगर कधींही न पाहिलेलीं शहरांतील घरेंही तें नांव आपुलकीनें उच्चारूं लागलीं.

हें यश केवळ कल्पकतेचें होतें असें म्हणणें इतिहासाला धरून होणार नाहीं. औंधच्या अधिपतींचा आश्रय नसता, महायुद्धानें परदेशी माल अडविला नसता, तर कथा कदाचित् निराळी झाली असती. पण आश्रय आणि संधि पुष्कळांना मिळते. ती सरल्यावरही गिऱ्हाईक टिकविणें थोड्यांना साधतें. मोठा व्यापारी आपल्या नांवावर माल विकतो. लहानाला तें नांवच आधीं मिळवावें लागतें, आणि तें मिळविण्याची जागा बाजारपेठ नसून गिऱ्हाइकाच्या मनांतील शंका ही होय.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजीं निवर्तले. तोंपर्यंत लोखंडी नांगर दख्खनच्या शेतकऱ्याच्या घरांतलाच झाला होता, आणि लोखंडानें जमीन विषारी होते असें कोणी एके काळीं मानीत होतें, हें तरुण पिढीला सांगूनही खरें वाटत नव्हतें.