जोडीचे खेळ

भगिनींनो, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा मी अंबाडीच्या भाजीची कृती देणार होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास लिहिणे हे शिकलेल्यांचे काम. पण गेल्या कोजागिरीला मंडळाच्या अंगणात पुष्कळ वर्षांनी फुगडी खेळले, आणि त्या रात्री मनात जे आले ते मांडते. चुकभूल पोटात घालावी.

फुगडी आपणा सर्वांच्या अंगवळणी पडलेली. दोघींनी हातांची कैची घालायची, पायांचे चवडे जुळवायचे, अंग मागे झोकून द्यायचे आणि फिरायचे. वेग वाढला की आपला तोल समोरचीच्या मुठीत असतो. एकीने हात सोडला तर दोघी पडतात. म्हणून फुगडीला बळ थोडे लागते, भान फार लागते. समोरची दमली का, तिची पकड सैल होते आहे का, हे न बोलता ओळखावे लागते. घरात दिवसभर दहा ठिकाणी धावणारे मन तेवढा वेळ एका जागी उभे राहते.

हेच भान पुरुषांच्या आखाड्यातल्या एका खेळात लागते. तो खेळ फरी-गदक्याचा. फरी म्हणजे चामड्याची लहान गोल ढाल आणि गदका म्हणजे चामड्याने मढवलेली काठी. तलवारीचा हात बसावा म्हणून हा सराव. दोघे समोरासमोर येतात, सलामी देतात, मग एकाने डोके, खांदा, कमर, पाय असे वार करायचे आणि दुसऱ्याने ते फरीवर झेलायचे. नजर गदक्याकडे लावून चालत नाही. ती समोरच्याच्या नजरेवर ठेवावी लागते. पावले तालात पडतात आणि पाहणाऱ्याला तो नाचच वाटतो.

इंग्रज सरकारने १८७८ साली हत्यारांचा कायदा केला आणि परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास बंदी आली. तलवारी गेल्या, पण लाकूड आणि चामडे आखाड्यात राहिले. दूर ब्राझील देशातही असेच घडले. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांनी आपली लढाईची कला गाण्याबजावण्यात आणि जोडीच्या नाचात जपली. तिला कापोएरा म्हणतात, आणि २०१४ साली युनेस्कोने तिला जगाच्या वारशात मानाचे स्थान दिले. ज्यांच्या हातातले शस्त्र काढून घेतले जाते ते आपली विद्या अंगात लपवून ठेवतात, असे दिसते.

आपल्या शेजारी अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. त्या मंडळाचा चमू १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी गेला आणि कबड्डीसारखे आपले देशी खेळ त्याने परदेशी लोकांना दाखवले.

तेच १९३६ साल आपल्या वर्ध्याचेही मोठे. एप्रिलच्या अखेरीस गांधीजी शेगावी राहायला आले. त्या गावाचे नाव पुढे १९४० साली सेवाग्राम झाले. आणि त्याच वर्षी विजयादशमीला लक्ष्मीबाई केळकर ह्यांनी वर्ध्यातच राष्ट्र सेविका समिती स्थापन केली आणि मुलींच्या हाती लाठी दिली. लक्ष्मीबाईंना १९३२ साली वैधव्य आले होते. पदरी मुले, आणि काळ असा की विधवेने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले तरी चर्चा व्हावी. त्या संस्थेचे विचार कोणाला पटतील, कोणाला पटणार नाहीत. गांधीजींची वाट तर निराळीच होती. पण एकाच गावात, एकाच वर्षी, एकाने हाती चरखा दिला आणि एकीने काठी. बाईने भिऊन राहू नये, हे दोघांनाही सांगायचे होते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिकवण्याचा विचार मांडला गेला, ती नई तालीम. हाताने शिकलेले विसरत नाही, हे मला तरी पटते.

कारण मी स्वतः विसरलेले नाही. माझे माहेर आर्वी तालुक्यातले. सातवीत असताना एका मास्तरांनी आम्हा आठ मुलींना फरी-गदका शिकवला. माझी जोडीदारीण डावखुरी होती. तिचे वार उलट्या बाजूने येत. त्यामुळे मला जास्त सावध राहावे लागे, आणि मी जास्त शिकले. पंधरा ऑगस्टला खेळ दाखवायचे ठरले होते. चार दिवस आधी गावातली थोर मंडळी म्हणाली, ‘‘पोरीच्या जातीले हे शोभते का?’’ खेळ बंद झाला. त्या वर्षीच शाळाही सुटली, कारण पुढची शाळा गावात नव्हती. आम्ही दोघी भुलाबाईच्या दिवसांत फुगडी मात्र खेळत राहिलो. तिला कोणी हरकत घेतली नाही.

आता खरे सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने लाठी शिकायला जाऊ का म्हणून विचारले. मी भाकरी थापत होते. वर न बघता म्हणाले, ‘‘लोक काय म्हणतील?’’ ती काही बोलली नाही, पाणी भरायला गेली. माझ्या तोंडून त्या थोर मंडळींचेच शब्द निघाले होते, हे मला कोजागिरीच्या रात्री समजले. त्या रात्री माझ्यासमोर फुगडीला तीच उभी होती. मी दमले तेव्हा तिने वेग कमी केला, पण हात सोडला नाही.

पंचकुला येथे २०२२ साली झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत पंजाबचा गतका होता, आपला मल्लखांबही होता. आता मुलीही ह्या खेळांत उतरतात आणि बक्षिसे घेऊन घरी येतात.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. संध्याकाळी आपले सभागृह रिकामे असते. आठवड्यातून दोन दिवस ते मुलींना फरी-गदका आणि लाठीसाठी द्यावे. शिकवणारी बाई मिळाली तर उत्तमच. ज्या भगिनींची हरकत असेल त्यांनी पहिल्या दिवशी येऊन फक्त बघावे. माझी मुलगी येणार आहे. तिला मी विचारले आहे. जोडीला कोणी कमी पडले तर मी आहेच. गुडघे कुरकुरतात, पण सलामी अजून येते.