देहूतले तेरा दिवस

शके 1552, म्हणजे इसवी सन 1630 नुकतंच सरलंय. तुम्ही देहूच्या पेठेत उभे आहात. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, हस्ताचीही वाट पाहून झाली. इंद्रायणीच्या पात्रात बायका झिरे खणून बसल्यात. वाटीत पाणी जमलं की घागरीत ओतायचं आणि पुन्हा वाट पाहायची. बांधावरच्या झाडांना हात पोचेल तिथवर पाला राहिलेला नाही. धान्याचा एखादा तांडा येईल अशी आशा धरावी, तर मुलखात फौजा फिरताहेत. आदिलशाही सरदार मुरार जगदेव पुणं जाळून तिथे गाढवांचा नांगर फिरवतो, तेही याच सुमाराचं.

पेठेतलं ते दुकान तुकोबांचं. घरात महाजनकी, सावकारी, विठ्ठलाची पिढीजात वारी. पण पोत्यांच्या तळाशी आता दाणा नाही. तुकोबा विशीतले आहेत. आई-वडील गेले. थोरल्या भावाची बायको गेली, आणि तो तीर्थांना निघून गेला. धंद्याचं दिवाळं वाजलं, बाजारातली पत गेली. आतल्या खोलीत त्यांच्या पहिल्या पत्नी, दमेकरी रखमाबाई पडून आहेत. त्या अन्न अन्न करत जातील. मुलगा संतूही राहणार नाही. रखमाबाईंच्या त्या मरणाबद्दल चरित्रकारांवर विसंबायची गरज नाही. तुकोबांनी स्वतःच ते अभंगात सांगून ठेवलंय, आणि सांगताना शब्द वापरलाय तो लाजेचा. देवाची लीला, पूर्वसंचित असली मलमपट्टी तिथे नाही.

दुकानाच्या उंबऱ्याशी तुमची अडचण होते. पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. ही गाथा, हे भंडाऱ्यावरचे सप्ताह, पालखीपुढे चालणारे लाखो लोक. समोर बसलेल्या माणसाला यातलं काही माहीत नाही. संतचरित्रं आपण शेवटाकडून वाचतो, म्हणून त्यातला विश्वास इतका सोपा वाटतो. इथे उभं राहिलं की कळतं, या माणसाच्या हातात आज देव नाही, दाणा नाही, नि उद्याची खात्रीही नाही.

पुढे तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसतात. पंधराव्या दिवशी साक्षात्कार झाला, असं सांगतात. तिथलं काही मला तुम्हाला दाखवता येणार नाही. धाकटे भाऊ कान्होबा शोधत येतात आणि दोघे नदीवर उतरतात, तिथे मात्र थांबा.

काठावर कागदांचं गाठोडं सोडलंय. कर्जखतं आहेत. जवळ जाऊन एक उचला. बोरूने ओढलेली मोडीची धावती ओळ, आकडा, मुदत; आणि खाली, सहीच्या जागी, लिहिता न येणाऱ्या कुणब्याची निशाणी, एक छोटासा नांगर. दुष्काळात बैल गेला, नांगर पडून राहिला, कागदावरचा मात्र शाबूत आहे. तुकोबांना ही सगळी खतं डोहात सोडायची आहेत. कान्होबा अडवतात. तुम्ही विरक्त झालात, मी पोरंबाळं कशावर जगवू, असा त्यांचा सवाल. कीर्तनात हा प्रसंग रंगवताना कान्होबांना हटकून जरा कोता ठरवतात. मला ते पटत नाही. पेठ बसलेली असताना येणं हाच घराचा एकमेव आधार होता, आणि तो मागणाऱ्याने वावगं काही मागितलं नव्हतं. तुकोबांनाही ते पटलं असावं, कारण वाटणी झाली. निम्मी खतं कान्होबांची. उरलेली निम्मी पाण्यात.

शाई सुटायला वेळ लागत नाही. देवावर हवाला ठेवणं म्हणजे काय, ते इथे हिशेबात मोडतं: या माणसाने आपल्या वाट्याचं येणं सोडलं, बदल्यात काही मिळेल असा शब्द कोणी दिला नव्हता. मग घरी येऊन पूर्वज विश्वंभरबाबांचं पडकं देऊळ दुरुस्त करायला घेतलं.

या विश्वासाची किंमत कोणी मोजली, ते पाहायला घरात डोकवा. तुकोबांची दुसरी बायको जिजाबाई, म्हणजे आवली, पुण्याच्या सावकाराची लेक. चूल तिने पेटती ठेवायची, नवरा डोंगरावरून उतरला नाही तर भाकरी घेऊन तिनेच चढायचं. ती विठ्ठलाला काळ्या म्हणून शिव्या घालते आणि लोक तिला कजाग म्हणतात. तिचं भांडण देवाशी आहे, तुकोबांचंही आहे. फरक एवढाच की त्यांच्या भांडणाचे अभंग झाले.

आता काही वर्षं ओलांडा. वाघोलीच्या रामेश्वरभटांनी आक्षेप घेतलाय: शूद्राने वेदार्थ बोलू नये. अभंगांच्या वह्या बुडवायचा हुकूम झाला. ज्या नदीत खतं गेली, त्याच नदीत आता कवित्व गेलंय. तेव्हा स्वतःहून सोडलं होतं, या वेळी सोडायला लावलं. लोक टोमणे मारतात, आधी संसार बुडवला, आता परमार्थही बुडाला. तुकोबा देवळासमोर शिळेवर पडून आहेत, अन्नपाण्याशिवाय.

पाचवा दिवस. आठवा. गर्दीतला एक म्हातारा तुमच्याजवळ सरकतो.

“पाव्हणं, निघतील का हो वह्या?”

तुम्ही हो म्हणाल तर तो विचारणार, कशावरून? आणि तुमच्याकडचं उत्तर त्याच्या काही कामाचं नाही.

तेराव्या दिवशी शिळेवरून शब्द येतात ते ऐका. नम्र काही नाही. तेरा दिवस उपाशी पडलोय, तरी तू येत नाहीस, अशी उघड तक्रार आहे. मायबाप म्हणायचं आणि त्याच श्वासात जाब विचारायचा. ज्याच्यावरचा भरवसा उडालाय त्याच्याशी कोणी इतक्या हक्काने भांडत नाही.

वह्या कोरड्या वर आल्या, ही वारकऱ्यांची श्रद्धा. अभंग लोकांच्या तोंडी होते, म्हणून तरले, असंही अनेकजण म्हणतात. काठावर एकच आरडाओरडा होतो, टाळ निघतात, लोक डोहाकडे धावतात. म्हातारा तुमचा हात ओढतोय, चला बघायला. तुम्ही मात्र शिळेपाशीच थांबा, कारण त्यानंतरचे अभंग विजयाचे नाहीत. तुकोबा देवाची माफी मागताहेत. फार मोठा अन्याय केला, म्हणतात. लोकांच्या बोलण्याने मन दुखावलं म्हणून तुझा अंत पाहिला, तुला पाण्यात उभं केलं. गाव म्हणत होतं देवाने तुकोबांची परीक्षा घेतली. तुकोबांच्या हिशेबात ती त्यांनीच देवाची घेतली होती, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.