आठवड्याची कामगिरी आणि इतिहासाची साधने : मुंबई उपनगरांतील महाविद्यालयीन क्रीडेच्या नोंदींचा एक विचार

प्रास्ताविक

महाविद्यालयाचा इतिहास लिहावयाचा म्हटले की आपले लक्ष स्थापनेचा ठराव, संस्थापकांची चरित्रे, प्राचार्यांची नामावली, विद्यार्थिसंख्या आणि परीक्षांचे निकाल यांकडे जाते. क्रीडाविभागाच्या वाट्याला बहुधा वार्षिक अंकातील दोन-तीन पाने आणि एखादे सांघिक छायाचित्र येते. वास्तविक वर्षभर, आठवड्यामागून आठवडा, महाविद्यालयाचे नाव घेऊन मैदानावर उतरणारे विद्यार्थी हा त्या संस्थेच्या सामाजिक जीवनाचा महत्त्वाचा भाग असतो. त्यांच्या कामगिरीची नोंद कोठे होते, कोणत्या खेळाची होते आणि ती किती काळ टिकते, या प्रश्नांचा विचार अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांच्या संदर्भात करण्याचा हेतू प्रस्तुत लेखात आहे. आंतरमहाविद्यालयीन व आंतरविद्यापीठीय स्पर्धा संपूर्ण विद्यापीठाच्या पातळीवर होत असल्याने शहरातील काही उदाहरणेही ओघाने येतील.

उपनगरातील महाविद्यालये आणि मैदानापर्यंतचे अंतर

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. तथापि उपनगरांतील उच्च शिक्षणाचा विस्तार मुख्यतः स्वातंत्र्याच्या आसपास आणि त्यानंतर झाला. अंधेरीचे भवन्स महाविद्यालय १९४६ मध्ये सुरू झाले. बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये वाढली व दहिसर-मुलुंडपर्यंतचा प्रदेश महानगरपालिकेत आला. त्यापाठोपाठ विलेपार्ल्यात पार्ले महाविद्यालय (१९५९) व मिठीबाई महाविद्यालय (१९६१), घाटकोपरला रामनिरंजन झुनझुनवाला महाविद्यालय (१९६३), मुलुंडला मुलुंड कॉलेज ऑफ कॉमर्स (१९७०) आणि वि. ग. वझे महाविद्यालय (१९८४) अशी मालिका उभी राहिली. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा तर १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला.

महाविद्यालये उपनगरात आली तरी खेळाचे केंद्र दीर्घकाळ दक्षिण मुंबईतच राहिले. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि मरीन ड्राइव्हवरील विद्यापीठाचे क्रीडा पॅव्हेलियन ही महत्त्वाच्या सामन्यांची ठिकाणे. बोरिवली ते चर्चगेट हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर. सकाळच्या गर्दीच्या लोकलमधून खेळाचे साहित्य घेऊन जाणे, सामना आटोपून परतणे आणि दुसऱ्या दिवशी तासाला हजर राहणे हा उपनगरातील विद्यार्थी-खेळाडूचा नित्यक्रम होता. अंधेरीचे शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल १९८८ मध्ये उभे राहिले, मुलुंडला प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडा संकुल झाले, कांदिवलीत भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आले. त्यामुळे परिस्थिती काही अंशी पालटली. मात्र या प्रवासाचा, म्हणजेच खेळाडूने खेळण्यापूर्वी मोजलेल्या किमतीचा, उल्लेख कोणत्याही निकालपत्रकात सापडत नाही.

आठवडा हे इतिहासाचे एकक

महाविद्यालयीन क्रीडेचे कालमापन वर्षाने होत नाही, ते आठवड्याने होते. पावसाळ्यात कबड्डी, खो-खो, फुटबॉल यांचे सामने, हिवाळ्यात क्रिकेट आणि मैदानी स्पर्धा, असा क्रम लागलेला असतो. १९४८ मध्ये सुरू झालेली डॉ. एच. डी. कांगा लीग या दृष्टीने उद्बोधक आहे. ऐन पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर आणि वाढलेल्या गवतात, रविवारी खेळली जाणारी ही स्पर्धा क्लबांची. पण महाविद्यालयीन खेळाडूंच्या कित्येक पिढ्या तिच्यात घडल्या. रविवारचा धावफलक सोमवारच्या वृत्तपत्रात येई आणि आपल्या वर्गातील विद्यार्थ्याने काल काय केले, हे प्राध्यापकाला तासापूर्वीच समजे. खेळाडूची ओळख अशी आठवड्या-आठवड्याने घडत असे. एखाद्या मोसमाचा विजेता कोण, हे चषकावर कोरलेले असते. त्या मोसमातील प्रत्येक आठवड्याचा मानकरी कोण, हे मात्र केवळ नोंदींवरून कळू शकते.

क्रिकेट : नोंद टिकल्याचा परिणाम

क्रिकेटच्या बाबतीत ही नोंद टिकली. आंतरविद्यापीठीय क्रिकेटची रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा १९३५-३६ पासून सुरू झाली. या स्पर्धेत मुंबई विद्यापीठाकडून खेळताना अजित वाडेकर यांनी ३२४ धावांची खेळी केली. पुढे १९७० मध्ये सुनील गावसकर यांनी ३२७ धावा काढून तो उच्चांक मोडला. त्यानंतर लवकरच, १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात, गावसकर यांनी ४ कसोटींत ७७४ धावा केल्या आणि त्या संघाचे कर्णधार होते वाडेकर. एका विद्यापीठाच्या धावपुस्तिकेतील दोन आकडे असे राष्ट्रीय इतिहासाला जोडले गेले. तीन धावांचा फरक आज आपण सांगू शकतो, याचे कारण कोणीतरी तो लिहून ठेवला.

याच वाडेकरांविषयी एक आठवण सांगितली जाते. बसमधून महाविद्यालयात जाताना बाळू गुप्ते यांनी त्यांना संघात बारावा खेळाडू म्हणून येण्याविषयी विचारले. त्यासाठी सामन्यामागे तीन रुपये मिळत. वाडेकर पुढे मोठे झाले म्हणून ही आठवण राहिली. अन्यथा बाराव्या खेळाडूचे नाव धावफलकावर येत नाही.

शालेय क्रिकेटमधील दोन दाखलेही येथे विचारात घेण्यासारखे आहेत. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) आणि कांजूरमार्गहून शहरात खेळावयास येणारा विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याच स्पर्धेत पृथ्वी शॉ याने ५४६ धावा केल्या. हा आकडा सर्वांस ठाऊक आहे. प्रतिस्पर्धी संघ बोरिवलीच्या सेंट फ्रान्सिस डि'असिसी शाळेचा होता, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. नोंद असूनही ती पराभूतांपर्यंत पोहोचत नाही, ही क्रिकेटच्या इतिहासलेखनाची मर्यादा मान्य केली पाहिजे.

खो-खो व कबड्डी : आकडे होते, जतन झाले नाहीत

देशी खेळांना आकड्यांची परंपरा नाही, म्हणून त्यांचा तपशीलवार इतिहास लिहिता येत नाही, असा एक समज आढळतो. तो तपासून पाहिला पाहिजे. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास बांधले. खो-खोच्या गुणपत्रकात कोणत्या खेळाडूने किती मिनिटे व सेकंद संरक्षण केले, त्याला कोणी बाद केले आणि आक्रमकाने किती गडी टिपले, हे सर्व लिहिले जाते. नऊ मिनिटांच्या पाळीत एखाद्या विद्यार्थ्याने एकट्याने तीन मिनिटे पळती केली, तर ती कामगिरी क्रिकेटमधील शतकाइतकीच नेमकेपणाने मोजलेली असते. सामना संपल्यावर निकाल जाहीर होतो आणि त्या कागदाचे काम संपते. धावपुस्तिका बांधीव वही असते, गुणपत्रक सुटा कागद असतो. साधनांच्या स्वरूपातील एवढ्याशा फरकाने दोन खेळांच्या इतिहासात मोठे अंतर पाडले आहे.

कबड्डीचे थोडे निराळे आहे. तिच्या गुणपत्रकात संघाचे गुण चढत्या क्रमाने नोंदले जातात. लोण आणि बोनस यांच्या खुणा असतात. पण प्रत्येक चढाईपटूचे गुण स्वतंत्रपणे काढून प्रसिद्ध करण्याची रीत सर्वत्र नव्हती. परिणामी वृत्तपत्रांत 'खोलवर चढाया' आणि 'सुरेख पकडी' अशी विशेषणे येत, संख्या क्वचितच येई. जुलै २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि दूरचित्रवाणीने प्रत्येक चढाई मोजावयास आरंभ केला. २०१७ मध्ये रिशांक देवाडिगा याने एका सामन्यात चढायांचे २८ गुण मिळविले, तेव्हा तो आकडा लगेच सर्वतोमुखी झाला. जानेवारी २०१८ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. त्याच्या आधीच्या पिढ्यांतील उपनगरी चढाईपटूंनी महाविद्यालयीन सामन्यांत असे गुण मिळविले नसतील असे मानण्यास आधार नाही. ते मोजले व राखले गेले नाहीत, इतकेच म्हणता येते.

विद्यार्थिनींची कामगिरी

विद्यार्थिनी-खेळाडूंच्या बाबतीत हे मौन अधिक गडद होते. कबड्डी १९९० मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांत आली, ती पुरुषांसाठी; महिलांची कबड्डी त्यासाठी २०१० पर्यंत थांबली. महिला क्रिकेटची अखिल भारतीय संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली आणि तिचे क्रिकेट नियामक मंडळात विलीनीकरण २००६ मध्ये झाले. मधल्या तीन दशकांत साप्ताहिक धावफलकांना वृत्तपत्रांतून मिळणारी जागा मुख्यतः पुरुषांच्या सामन्यांचीच राहिली.

जेमिमा रॉड्रिग्स हिचे उदाहरण या पार्श्वभूमीवर पाहावे. भांडुपमध्ये जन्मलेली ही मुलगी. खेळाच्या सोयीसाठी तिच्या कुटुंबाने वांद्र्याला बिऱ्हाड हलविले. हॉकीत महाराष्ट्राच्या १७ वर्षांखालील संघात आणि क्रिकेटमध्ये मुंबईच्या १९ वर्षांखालील संघात तिने स्थान मिळविले. नोव्हेंबर २०१७ मध्ये औरंगाबाद येथे (आजचे छत्रपती संभाजीनगर) सौराष्ट्राविरुद्ध तिने १६३ चेंडूंत नाबाद २०२ धावा केल्या. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिच्या नाबाद १२७ धावांनी भारताला अंतिम फेरीत नेले, तेव्हा तिच्या आधीच्या त्या द्विशतकाचा दाखला तत्काळ देता आला, कारण त्याची नोंद होती. तिच्या हॉकीतील गोलांविषयी मात्र तितक्याच सहजतेने काही सांगता येत नाही. एकाच खेळाडूच्या दोन खेळांतील हा फरक आपल्या विषयाचे सार सांगतो.

प्रमाणपत्र आणि त्याचा आधार

हा प्रश्न केवळ स्मरणरंजनाचा नाही. महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये प्राविण्यप्राप्त खेळाडूंसाठी शासकीय सेवेत ५ टक्के आरक्षण ठेवले. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी आवश्यक ठरते. मधल्या काळात बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आल्यामुळे ही पडताळणी अधिक काटेकोर झाली आहे आणि ते योग्यच आहे. परंतु खऱ्या खेळाडूने आपले प्रमाणपत्र खरे आहे हे सिद्ध कशाने करावयाचे? मूळ गुणपत्रक, संघाची यादी, स्पर्धेचा अहवाल हेच पुरावे होत. प्रमाणपत्र विद्यार्थी घरी घेऊन जातो. त्यामागील कागद सांभाळणे ही संस्थेची जबाबदारी उरते.

प्रस्तुत लेखकाने उपनगरातील एका महाविद्यालयाच्या जिमखान्यातील कपाट पाहिले आहे. त्यात चषक आणि ढाली रांगेने मांडलेल्या होत्या. त्यांवर स्पर्धेचे नाव होते, वर्ष होते, 'विजेता संघ' असे शब्दही होते. एकाही खेळाडूचे नाव नव्हते. जुन्या याद्यांविषयी विचारणा केली असता, जागेअभावी त्या रद्दीत गेल्याचे समजले. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. 'नॅक'च्या मूल्यांकनासाठी मागील पाच वर्षांची पदके मागितली जातात, तेवढीच फाइल नीट लावलेली होती. पाच वर्षांपलीकडची स्मृती ठेवा, असे आपल्याला कोणी सांगितलेले नाही.

एक आक्षेप

यावर असा आक्षेप संभवतो की, आकड्यांचा असा आग्रह सांघिक खेळाला वैयक्तिक विक्रमांच्या मागे लावील. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. विषम बळाच्या सामन्यात निघालेल्या प्रचंड धावा आणि तुल्यबळ सामन्यातील मोजक्या धावा यांची तुलना निव्वळ संख्येने करता येत नाही. कबड्डीत साखळी धरून सहकाऱ्याला पकड करू देणारा खेळाडू गुणांच्या यादीत दिसत नाही. यासाठीच नोंदीत प्रतिस्पर्धी, स्थळ, मैदानाची स्थिती, राखीव खेळाडूंसह पूर्ण संघ आणि पराभवाचाही तपशील असावा. आकडा हे साधन आहे. त्याचा अर्थ लावण्याचे काम इतिहासाच्या अभ्यासकाचे आहे. पण साधनच उरले नाही, तर अर्थ लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, उपनगरांतील महाविद्यालयीन क्रीडेचा इतिहास आज जसा दिसतो, तो कामगिरीचा जितका आहे तितकाच जतन केलेल्या कागदांचा आहे. दुसरी, क्रिकेटच्या तुलनेत खो-खो, कबड्डी आणि विद्यार्थिनींचे खेळ मागे दिसतात, याचे एक कारण नोंदींच्या जतनातील उपेक्षा हे आहे. तिसरी, ही उपेक्षा दूर करण्यास मोठा निधी लागत नाही.

प्रत्येक महाविद्यालयाने सामन्यानंतर गुणपत्रकाची एक प्रत घ्यावी. क्रीडाविभागाने आठवड्याची एक बांधीव नोंदवही ठेवावी व ती वर्षाअखेरीस ग्रंथालयात दाखल करावी. वार्षिक अंकांचे संच पूर्ण करावेत. आणि इतिहास विभागाने आपल्या विद्यार्थ्यांकडून माजी खेळाडूंच्या मुलाखतींचा प्रकल्प करून घ्यावा. साठ-सत्तरच्या दशकांत अंधेरी-घाटकोपरच्या महाविद्यालयांतून खेळलेली पिढी आज वयाची सत्तरी ओलांडून गेली आहे. तिच्याकडील जुनी कात्रणे, प्रमाणपत्रे आणि आठवणी हे साधन फार काळ उपलब्ध राहणार नाही. म्हणून हे काम येत्या शैक्षणिक वर्षातच हाती घेणे अगत्याचे आहे.