छंद आणि चढाओढ : पोकेमॉनच्या खेळाचा इतिहास



आमच्यासारख्या माणसाने ह्या व्यासपीठावर गिरणी-संपाचा इतिहास सांगावा, अशी आपली अपेक्षा असणार. ती सोडून आम्ही मुलांच्या व्हिडिओ गेमकडे का वळलो, ह्याचे कारण आधी दिले पाहिजे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले, आणि उमेद सारी कामगार संघटनेत गेली. पाळी, रजा, जादा तास ह्यांच्या वाटाघाटी करता करता केस पिकले. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी-कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली, हे आम्ही शेकडो सभांतून सांगितले. पण मोकळ्या झालेल्या त्या वेळाचे माणूस पुढे काय करतो, ह्याचा विचार मात्र आम्ही कधी केला नव्हता.

काही वर्षांपूर्वी एका रविवारी आमचा भाचा हातातल्या यंत्रावर एकाच रस्त्यावरून सायकल पुढेमागे फिरवीत बसलेला दिसला. विचारले, "हा कसला खेळ रे?" म्हणाला, "मामा, अंडी उबवतोय. दोनशे झाली." "मग ह्यात मजा येते का?" "मजा नंतर, सामन्यात." हे उत्तर आमच्या ओळखीचे होते. पगाराच्या दिवसाकडे डोळे लावून पाळी भरणारा माणूसही असेच बोलतो. सुट्टीत ही पाळी कुठून आली, ते शोधण्यासाठी आम्ही ह्या खेळाचा इतिहास चाळला.

पोकेमॉन म्हणजे 'पॉकेट मॉन्स्टर', खिशातले अद्भुत प्राणी. ह्या खेळाचे जनक सातोशी ताजिरी १९६५ साली जन्मले आणि टोकियोच्या माचिदा ह्या उपनगरात वाढले. लहानपणी त्यांना किडे पकडण्याचा भारी नाद. पुढे शहर पसरले, शेते आणि तळी गेली, त्यांबरोबर किडेही गेले. १९८३ साली ताजिरींनी 'गेम फ्रीक' नावाचे मासिक स्वतःच काढले आणि १९८९ साली त्याच नावाने खेळ तयार करणारी कंपनी उभारली. निन्टेन्डोची 'गेम बॉय' ही छोटी यंत्रे केबलने एकमेकांना जोडता येत. त्या तारेवरून किडे ह्या यंत्रातून त्या यंत्रात सरपटत जात आहेत, असे दृश्य त्यांच्या मनाने घेतले. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात लाल आणि हिरवी अशा दोन आवृत्त्या निघाल्या. काही प्राणी एकीतच सापडत, काही दुसरीतच. काहींचे रूपांतर तर ते दुसऱ्याच्या हाती गेल्यावरच होई. संग्रह एकट्याच्या बळावर पुरा होऊच नये, अशी ही योजना होती.

पण ज्या तारेवरून देवघेव होई, तिच्यावरूनच लढतही होई. १९९७ साली जपानात 'निन्टेन्डो कप' स्पर्धा झाली, तेव्हा सामन्यात उतरवलेल्या तीन प्राण्यांच्या पातळ्यांची बेरीज १५५च्या वर जाता कामा नये, असा नियम होता. म्हणजे छंद आणि चढाओढ ही दोन भावंडे जवळजवळ एकदमच वाढली. तेव्हा 'चढाओढीने मूळचा निर्मळ खेळ बिघडवला' ही तक्रार इतिहासाला धरून नाही.

मग बिघडले कुठे? प्रत्येक प्राण्याला सहा जन्मजात गुण असतात. २००२ सालच्या आवृत्त्यांपासून ह्या प्रत्येक गुणाचे माप ० ते ३१ असे झाले. सहाही गुण नुसत्या दैवाने ३१ मिळावयाचे, तर शक्यता सुमारे १०७ कोटींत एक. ह्याखेरीज पंचवीस प्रकारचे स्वभाव. घरी करमणुकीसाठी खेळणाऱ्याला हा हिशेब जाणवतही नाही. स्पर्धेत मात्र एकाच गुणाच्या फरकाने कोणाचा वार आधी, हे ठरू शकते. म्हणून नर-मादीची निवड करावयाची, अंडी घ्यावयाची, पावले मोजून ती उबवावयाची, आणि मनासारखे न निघालेले पिल्लू सोडून द्यावयाचे. सामना काही मिनिटांचा, त्याची पूर्वतयारी मात्र आठवड्यांची. ही तयारी बुद्धीची नव्हे, सवडीची परीक्षा घेते. ज्याच्या पदरी सवड नाही तो दाराबाहेरच राहतो, मग डोके कितीही चालो.

दुसऱ्या बाजूलाही न्याय दिला पाहिजे. अधिकृत स्पर्धेत सहांतून चार प्राणी निवडून दोन-दोन उतरवतात आणि प्रतिपक्षाची चाल ओळखून आपली आखतात. बुद्धिबळाची गोडी असणाऱ्याने ह्याला पोरखेळ म्हणू नये. उलट, हौशी खेळाडू आळशी असतो हेही खोटे. २०१० सालापासून 'नझलॉक' नावाची रीत हौशी मंडळींत रुजली. प्रत्येक मुलखात पहिला भेटेल तोच प्राणी धरावयाचा, आणि लढतीत बेशुद्ध पडला की तो मेला असे समजून कायमचा बाजूला ठेवावयाचा. हे कष्ट त्यांच्यावर कोणी लादले नाहीत. त्यांनी ते राजीखुशीने अंगावर घेतले.

१९९९ सालच्या खेळात करीन नावाची एक पात्र-स्त्री आहे. खरा कुशल खेळाडू आपल्या आवडत्या प्राण्यांनिशी जिंकू पाहतो, अशा आशयाचे ती बोलते. स्पर्धक ह्याला हसत असतील. पण २०१४ साली वॉशिंग्टनच्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाचा से-जुन पार्क जिंकला, तो पाचिरिसु नावाची खार संघात घेऊन. ह्या खारीला शर्यतीत कोणी विचारीत नसे. पण शत्रूचे वार स्वतःकडे ओढून घेणे तिला साधे, आणि विजेचा मार बसला की ती उलट ताजीतवानी होई. तिचा सोबती ग्यारॅडोस विजेपुढे दुबळा. ती त्याची ढाल झाली. पार्कने तिला लाडापोटी नव्हे, हिशेबाने निवडले होते. दुबळा गणलेला गडी योग्य जागी उभा राहिला म्हणजे सबंध फळी तरते, हे आम्हां संघटनेच्या माणसांना कोणी शिकवावयास नको.

कंपनीने पुढे हा कष्टाचा भार हळूहळू हलका केला. २०१३ साली एका तांबड्या दोऱ्याच्या साह्याने आईबापांच्या बारा गुणांपैकी पाच पिल्लात उतरू लागले. २०१६ साली शंभराव्या पातळीला पोचलेल्या प्राण्याचे गुण शिकवणीने वाढवता येऊ लागले. २०२२ साली ही अट पन्नासावर आली. २०१९ साली स्वभावाचा परिणाम पालटणारे पुदिने आले. पण त्याच २०२२च्या खेळात प्राण्याचा 'तेरा' प्रकार बदलावयाचा तर पन्नास तुकडे गोळा करणे आले. २०२३ साली योकोहामाच्या जागतिक स्पर्धेत अनेक खेळाडू बाद झाले. त्यांचे प्राणी बाहेरच्या साधनांनी बनवलेले वा बदललेले असल्याचे तपासणीत आढळले होते. नियम मोडणे आम्हांला मान्य नाही. सचोटीने अंडी उबवणाऱ्यावर त्यात अन्याय होतो. परंतु चांगली, जाणती माणसे एकाच ठिकाणी नियम मोडू लागली, तर शिक्षा सुनावताना तो नियमही तपासावा, हे आम्ही वाटाघाटींच्या मेजावर शिकलो.

आमचा निष्कर्ष साधा आहे. छंद आणि चढाओढ ह्यांत वैर नाही. त्यांच्यामध्ये जी भिंत उभी राहिली ती सक्तीच्या, कंटाळवाण्या कष्टाची. ती जसजशी उतरली, तसतसा हौशी माणसाला स्पर्धेचा उंबरठा ओलांडणे सोपे झाले. ज्या सुट्टीसाठी मागच्या पिढ्या झगडल्या, तिच्यात पुन्हा पाळी भरावी लागू नये, एवढी काळजी खेळ करणाऱ्यांनी घ्यावी आणि आपणही घ्यावी. घरी मूल हा खेळ खेळत असेल, तर "जिंकलास का?" हे जरूर विचारा, पण त्याआधी "तुझा आवडता प्राणी कोणता?" हे विचारा. आम्ही भाच्याला विचारले, तेव्हा त्याने सायकल थांबवली आणि तासभर सांगत बसला.