गुलामांची साखर आणि खुला व्यापार

श्रोतेहो, ज्या देशांत माणसांस गुलाम करून राबविलें जातें, त्या देशाशीं व्यापार करावा कीं करूं नये? अशा व्यापारानें गुलामाची बेडी सैल होते, कीं अधिकच आवळली जाते? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा वाद ब्रिटिश पार्लमेंटांत साखरेच्या निमित्तानें मोठ्या हिरिरीनें लढला गेला. त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

इंग्लंडनें १८०७ सालीं गुलामांचा व्यापार बंद केला आणि १८३३ च्या कायद्यानें आपल्या वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांस मुक्त करण्याचें ठरविलें. मळेवाल्यांना नुकसानभरपाई म्हणून दोन कोटि पौंड देण्यांत आले. गुलामांच्या हातीं एक पैहि पडली नाहीं. उलट उमेदवारीच्या गोंडस नांवाखालीं १८३८ च्या ऑगस्टपर्यंत त्यांना जुन्याच धन्यांकडे राबावें लागलें. पुढें मजूर मिळेनात, साखरेचें उत्पन्न घटलें व भाव चढले. ब्राझिल आणि क्यूबा येथें स्वस्त साखर मुबलक होती. पण परदेशी साखरेवर हंड्रेडवेटमागें सुमारें ६३ शिलिंग जकात असे, तर वसाहतींतील साखरेवर अवघी २४. ही जकातीची भिंत पाडावी काय, हा प्रश्न होता. कारण भिंतीपलीकडील साखर गुलामांच्या हातची होती.

भिंत राखूं पाहणारांचें म्हणणें सरळ होतें. गिऱ्हाईक आहे म्हणून माल पिकतो, आणि माल पिकविण्यासाठीं आफ्रिकेंतून माणसें धरून आणलीं जातात. तेव्हां विकत घेणारा त्या पापाचा वाटेकरीच होय. हा विचार जुना होता. १७९१ च्या सुमारास इंग्लंडांतील हजारों कुटुंबांनीं वेस्ट इंडीजची साखर वर्ज्य केली होती. कित्येक घरीं पुढें हिंदुस्थानची साखर येऊं लागली, आणि ती गुलामांच्या हातची नव्हे अशी ग्वाही साखरेच्या भांड्यांवर झळकूं लागली. आपल्या देशांतहि दास्य होतें, आणि कंपनीच्या मुलुखांतील कायद्यानें त्याची मान्यता काढून घ्यावयास १८४३ साल उजाडावें लागलें, ही गोष्ट त्या भांड्यांवर अर्थातच लिहिलेली नसे.

उलट पक्षाचा बिनीचा वीर रिचर्ड कॉब्डेन. त्याचा सवाल बिनतोड होता. अमेरिकेंतील गुलामांनीं वेचलेला कापूस मँचेस्टरला चालतो, त्याचें कापड ब्राझिलला विकलेलें चालतें. मग त्या कापडाच्या मोबदल्यांत आलेली साखर तेवढी विटाळाची कशी? शिवाय स्वतंत्र मजुराचें काम गुलामाच्या कामाहून स्वस्त पडतें. उघड्या स्पर्धेंत गुलामगिरी आपोआप मरेल, असा अनेक खुल्या व्यापारवाल्यांचा विश्वास होता. गरिबाच्या चहांतील साखर महाग करून कोणतें पुण्य लागतें, असेंहि ते विचारीत. कालपर्यंत गुलाम बाळगणारे मळेवाले आज गुलामांच्या कळवळ्यानें जकात मागत होते. त्यामुळें या टोमण्यांना धार चढे. दास्यविरोधी संस्थेंतहि यावरून फूट पडली. अखेर १८४६ सालीं लॉर्ड जॉन रसेलच्या सरकारनें जकात क्रमाक्रमानें समान करण्याचा कायदा केला. ती १८५४ सालीं पूर्ण समान झाली.

परिणाम काय झाला? १८४६ ते १८४९ या वर्षांत ब्राझिलच्या किनाऱ्यावर दरसाल सुमारें पन्नास हजार किंवा त्याहूनहि अधिक आफ्रिकन माणसें उतरविण्यांत आलीं. याचा सारा दोष साखरेच्या कायद्यावर टाकणें न्यायाचें नव्हे. त्यांतील पुष्कळांना कॉफीच्या मळ्यांनीं गिळलें. पण गुलामगिरी आपोआप मरेल, हें भाकित मात्र खोटें ठरलें. ती आयात थांबली ती १८५० नंतर, ब्रिटिश आरमारानें ब्राझिलच्या बंदरांत शिरून जहाजें पकडलीं आणि ब्राझिलनें स्वतः कडक कायदा केला तेव्हां. प्रत्यक्ष दास्य क्यूबांत १८८६ पर्यंत व ब्राझिलांत १८८८ पर्यंत टिकलें.

कापसाचा दाखला याहून बोलका आहे. अमेरिकेंत १७९० सालीं सुमारें सात लक्ष गुलाम होते. १८६० सालीं ते चाळीस लक्षांच्या घरांत गेले. लँकेशायरच्या गिरण्या त्यांच्या कापसाचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक होत्या. कापूस हाच राजा, त्याच्याशीं युद्ध करण्याची कोणाची छाती नाहीं, अशी बढाई सेनेटर हॅमंड यानें १८५८ सालीं मारली. गिऱ्हाइकाची गरज हीच धन्याची घमेंड झाली होती. १८६१ सालीं युद्ध पेटलें, दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं गेलीं, मुंबईच्या कापूसबाजारांत सोन्याचा पूर आला आणि १८६५ सालीं शांतता होतांच तो ओसरला. लँकेशायरांत मात्र चुली विझल्या होत्या. तरीहि १८६२ च्या ३१ डिसेंबरला मँचेस्टरच्या कामकऱ्यांनीं सभा भरवून लिंकनला पत्र धाडलें आणि गुलामांच्या मुक्तीस पाठिंबा दिला.

कॉब्डेननें दाखविलेली विसंगति खरी होती. पण विसंगति मिटविण्याच्या वाटा दोन असतात: साखरेबाबतचा संकोच सोडून द्यावा, किंवा तोच संकोच कापसालाहि लावावा. पार्लमेंटनें पहिली वाट धरली, कारण ती स्वस्त होती. दुसरीची किंमत मँचेस्टरच्या उपाशी कामकऱ्यांनीं मोजली. व्यापार माल वाहून नेतो. स्वातंत्र्य मात्र त्यासाठीं झीज सोसणारीं माणसेंच पोंचवितात.