नाव कोणी लिहायचं? निजामाची नोंदवही आणि लिंगभावाचा प्रश्न

आजचा विषय तत्त्वज्ञानाचा आहे, पण सुरुवात एका कायद्यापासून करू.

आपलं पिंपळगाव रेणुकाई एकेकाळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथे फसली १३२९ मध्ये, म्हणजे १९१९ च्या सुमारास, हिजड्यांविषयी एक कायदा झाला. नमुना इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा. मुलं पळवल्याचा नुसता संशय आला तरी नाव सरकारी नोंदवहीत चढायचं. नोंद झालेली व्यक्ती रस्त्यावर बाईच्या वेशात दिसली किंवा नाचली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. आणि हिजडा कोण? तर जो नपुंसकत्व कबूल करील किंवा वैद्यकीय तपासणीत तसा दिसेल तो.

आता आपल्या गावाचं नाव बघा. रेणुका-यल्लम्माच्या परंपरेत साडी नेसून परडी घेणारे जोगते आहेत. भक्त त्यांच्या परडीत जोगवा घालतात, पाया पडतात. साडी तीच, पण भक्ताला तिच्यात देवी दिसते आणि कायद्याला गुन्हा. मग अर्थ साडीत होता की बघणाऱ्यात?

तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलर यांनी १९९० साली ‘जेंडर ट्रबल’ या पुस्तकात हाच धागा पकडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बाई किंवा पुरुष असणं हे नेसण्या-बोलण्या-वागण्यातून, रोज तेच तेच करत घडत जातं. याचा अर्थ लिंगभाव म्हणजे मनात आलं की बदलावं असं सोंग, असा अनेकजण घेतात. तो चुकीचा आहे. हे घडणं समाजाच्या नियमांखाली होतं आणि नियम मोडणाऱ्याला किंमत मोजावी लागते. निजामाच्या कायद्याने ती किंमत वर्षांत लिहून ठेवली होती, एवढंच.

पुढचा इतिहास तुम्हाला माहीत असेल. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपली लिंगओळख ज्याची त्याने ठरवायची. २०१९ च्या कायद्याने मात्र जिल्हाधिकाऱ्याचं प्रमाणपत्र आणलं, आणि स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेचा वैद्यकीय दाखलाही. निजामाचा तो जुना कायदा तेलंगणा उच्च न्यायालयाने रद्द केला, तोही थेट २०२३ मध्ये.

पूर्वीची नोंदवही शिक्षेसाठी होती, आजचं प्रमाणपत्र हक्कांसाठी आहे. हा फरक लहान नाही. पण माणसाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा की त्याचं शरीर तपासायचं, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. जोगत्याच्या परडीत जोगवा घालताना आपण कधी दाखला मागितला नाही. मग कचेरीत तो का मागायचा, यावर आता तुमची मतं ऐकू.