फॉरवर्ड अर्धा खरा होता: जीबीएसची गोष्ट

२०२१ मध्ये आमच्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला: 'लस घेतली की माणूस लुळा पडतो.' आईने दुसरा डोस पुढे ढकलला. मी "काहीतरीच काय!" म्हणून विषय संपवला. चूक केली. कारण फॉरवर्डमध्ये खऱ्याचा एक तुकडा होता, आणि तो मला माहीतच नव्हता.

गोष्ट सुरू होते १९१६ मध्ये. पहिलं महायुद्ध चालू होतं. गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी हातापायातली ताकद गेलेल्या दोन सैनिकांबद्दल लिहिलं. पुढे आजाराला नाव पडलं गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. स्ट्रोलचं नाव मधेच गळालं. टीम प्रोजेक्टमध्ये होतं असं!

१९५६ मध्ये मिलर फिशर या डॉक्टरांनी त्याचं एक वेगळं रूप मांडलं. त्यात डोळे नीट हलत नाहीत, एकाचे दोन दिसतात, तोल जातो.

होतं काय, तर एखाद्या इन्फेक्शननंतर आपली प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर हल्ला करते. अँटिव्हायरसनेच आपल्या फाइल्स उडवाव्यात, तसं.

आता चला १९७६ मध्ये. अमेरिकेत फोर्ट डिक्स या लष्करी तळावर स्वाइन फ्लूने एक सैनिक गेला. १९१८ सारखी साथ येणार या धास्तीने राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी अख्ख्या देशाला लस द्यायचं ठरवलं. ऑक्टोबरपासून सुमारे ४.५ कोटी लोकांनी ती घेतली. साथ आलीच नाही, पण जीबीएसचे पेशंट आले. हिशेब निघाला: १ लाख लोकांमागे साधारण १ जास्तीची केस. डिसेंबरमध्ये मोहीम थांबली.

मग २०२१ मध्ये काय वेगळं होतं? तेव्हाही जॉन्सन अँड जॉन्सन आणि अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लशींच्या माहितीपत्रकात जीबीएसचा इशारा आला. अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस म्हणजे आपल्या पुण्यात बनलेली कोविशील्डच. पण यावेळी साथ खरी होती. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात या लशीनंतर १ कोटी लोकांमागे जीबीएसच्या ३८ जास्तीच्या केसेस निघाल्या. आणि कोविड झाल्यानंतर? १४५.

म्हणजे धोका शून्य नव्हता. पण १९७६ मध्ये तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काहीच नव्हतं, २०२१ मध्ये खुद्द कोविड होता.

मी हे सगळं आईला सांगितलं, अगदी धोक्यासकट. ती म्हणाली, "हे आधीच नीट सांगितलं असतंस तर?" दुसऱ्या दिवशी जाऊन डोस घेऊन आली.

२०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रोड भागात जीबीएसचे पेशंट वाढले, तेव्हा बोट ना लशीकडे होतं, ना कोविडकडे. संशय होता दूषित पाण्यावर. म्हणून लक्षणं लक्षात ठेवा: पायात मुंग्या, खालून वर चढत जाणारा अशक्तपणा, एकाचे दोन दिसणं. असं काही झालं तर गुगल करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक लोक पुन्हा चालायला लागतात.

आणि पुढच्या फॉरवर्डला नुसतं "फेक!" म्हणू नका. त्यात खरं किती, ते शोधून सांगा. भेटू पुढच्या भागात!